वॉकी-टॉकी : डोंगरातली गरज, बाजारातला गोंधळ

पावसाळ्यातल्या शनिवारी रात्री कसारा किंवा कर्जत स्थानकावर शेवटच्या लोकलमधून पाठपिशव्या लावलेल्या तरुण-तरुणींचे जे जथे उतरतात, त्यांच्यापैकी काहींच्या कमरेला अलीकडे एक छोटा रेडिओसंच लटकलेला दिसू लागला आहे. एक संच पुढे चालणाऱ्याकडे, दुसरा पिछाडी सांभाळणाऱ्याकडे. खोऱ्यात उतरताच मोबाइल मुका होतो. शिट्टी आणि आरोळी पावसाच्या आवाजात विरून जाते. अशा वेळी बटण दाबून बोलता येणारे हे तळहाताएवढे यंत्र कामी येते, याबद्दल वाद नाही. मात्र हा संच घेताना तो कोणत्या वारंवारितेवर चालतो, त्याला परवाना लागतो की नाही, हे विचारणारे गिऱ्हाईक विरळा. आणि विचारलेच तर नेमके उत्तर देणारा दुकानदार त्याहून विरळा.

या अज्ञानाकडे सरकारचे लक्ष गेले ते २०२५च्या मे महिन्यात, आणि तेही डोंगरभटक्यांच्या काळजीपोटी नव्हे. पहलगाम येथील हल्ल्याला तीन आठवडेही झाले नव्हते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने वॉकी-टॉकींची बेकायदा विक्री होत असल्याबद्दल १३ ऑनलाइन विक्री मंचांना नोटिसा बजावल्या. त्यांत देशातील बड्या कंपन्या होत्या, तशीच खेळणी विकणारी किरकोळ संकेतस्थळेही होती. महिना संपण्यापूर्वी, ३० मे रोजी, दूरसंचार विभाग आणि गृह मंत्रालय यांच्याशी विचारविनिमय करून अशा विक्रीसंबंधीची मार्गदर्शक तत्त्वे जारी झाली. संचाची वारंवारिता, त्याला परवाना आवश्यक आहे की नाही आणि त्याला सरकारची तांत्रिक मान्यता मिळाली आहे की नाही, हे विक्रीच्या पानावर स्पष्ट सांगणे बंधनकारक झाले. पुढे जानेवारी २०२६ मध्ये काही कंपन्यांना दंडही झाला. चौकशीत नियमबाह्य ठरलेल्या जाहिरातींची संख्या १६ हजारांहून अधिक होती. एवढ्या मोठ्या प्रमाणावर एखादी वस्तू उघड्यावर विकली जाते, तेव्हा ती चोरटी राहत नाही. ती सर्रास होते, आणि ती घेणाऱ्याला आपण काही गैर करीत आहोत याची जाणीवही उरत नाही.

वस्तुस्थिती अशी की, भारतात वॉकी-टॉकी सरसकट निषिद्ध नाही. १८८५चा तार कायदा आणि १९३३चा बिनतारी तारायंत्र कायदा यांनी विनापरवाना प्रक्षेपक बाळगणे गुन्हा ठरवले होते. १९३३च्या कायद्यात त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद होती. (कैद आजच्या काळातली वाटावी आणि दंड आजोबांच्या काळातला, असा हा विचित्र मेळ.) हे दोन्ही कायदे मागे सारणारा दूरसंचार कायदा २०२३ मध्ये संमत झाला आणि २०२४च्या जूनपासून तो टप्प्याटप्प्याने लागू होऊ लागला. परंतु या सर्व काळात सरकारने काही अरुंद पट्टे परवान्यातून मुक्तही केले. २७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा 'सिटिझन बँड' त्यापैकी एक. आणि डोंगरभटक्यांच्या दृष्टीने महत्त्वाचा म्हणजे ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा चिंचोळा पट्टा, जो अल्पशक्तीच्या उपकरणांसाठी २०१८च्या नियमांनी खुला झाला. या पट्ट्यातल्या मान्यताप्राप्त हातसंचाला वापरणाऱ्याने परवाना काढावा लागत नाही. तांत्रिक मान्यता मात्र त्यालाही हवी, आणि ती निर्मात्याने किंवा आयातदाराने मिळवायची असते.

म्हणजे दार उघडे आहे. पण त्याची फट मेगाहर्ट्झच्या पाचव्या हिश्शाएवढी आहे. बाजारात मोठ्या प्रमाणावर खपणारे स्वस्त चिनी संच या फटीत मावत नाहीत. त्यातील अनेक संच १३६ ते १७४ आणि ४०० ते ४८० मेगाहर्ट्झ अशा दोन प्रशस्त पट्ट्यांत कुठेही लावता येतात आणि चार-पाच वॉट शक्तीने प्रक्षेपण करतात. घेणाऱ्याला यात फायदा दिसतो: शक्ती जास्त, वाहिन्या जास्त, किंमत कमी. परंतु त्या पट्ट्यांमध्ये पोलीस आहेत, खासगी परवानाधारक आहेत, १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर परवानाधारक हौशी रेडिओचालक आहेत, आणि १५६.८ मेगाहर्ट्झवर सागरी रेडिओची सोळाव्या क्रमांकाची वाहिनी आहे. संकटात सापडलेले जहाज वा मच्छीमार नौका मदतीची पहिली हाक जगभर ज्या वाहिनीवर देते ती हीच. रायगड-रत्नागिरीच्या घाटमाथ्यावर उभ्या असलेल्या एखाद्याने आकडे चाळवता चाळवता ही वाहिनी लावली आणि मित्राशी वडापावच्या गाडीची चर्चा सुरू केली, तर उंचीमुळे तो आवाज किनाऱ्यापर्यंत सहज जाऊ शकतो. यामागे कोणतेही कारस्थान नसेल. पण ज्या खलाशाची हाक त्याखाली दबेल, त्याच्या दृष्टीने हेतूला काय अर्थ?

दुसरा गोंधळ परदेशातून येणाऱ्या सामानातून होतो. अमेरिकेतील मुलगा किंवा भाची सुट्टीत येताना दोन-चार संचांचा खोका आणते, आणि त्यावर 'परवान्याची गरज नाही' असे ठळक छापलेले असते. ते खरे असते, पण अमेरिकेपुरते. तिथली 'फॅमिली रेडिओ सर्व्हिस' १९९६ मध्ये सुरू झाली आणि ती ४६२ व ४६७ मेगाहर्ट्झच्या बावीस वाहिन्यांवर चालते. युरोपने त्यानंतर दोन वर्षांनी, १९९८ मध्ये, ४४६ मेगाहर्ट्झ हा पट्टा निवडला. ऑस्ट्रेलियाची नागरी वाहिनी ४७६-४७७ मेगाहर्ट्झवर आहे, तर जपानमध्ये जेमतेम दहा मिलिवॉटचे संच ४२० मेगाहर्ट्झच्या पुढे चालतात. खोका सारखा, रंग सारखे, बटणेही सारखी. अमेरिकेत वैध असलेला संच युरोपात वा जपानमध्ये चालू केला, तर तो तिथल्या दुसऱ्याच कोणाच्या वाटणीची जागा अडवतो; भारतातही तेच. याउलट युरोपीय ४४६चा संच भारताच्या खुल्या पट्ट्याशी जुळतो, मात्र मान्यतेचा प्रश्न तिथेही सुटत नाही. पर्यटक कंपन्यांच्या सूचनापत्रकात औषधे, प्लग आणि चलन यांविषयी पानेच्या पाने असतात. रेडिओविषयी एखादी ओळ घालायला हरकत नसावी.

या यंत्राकडे सत्ता किती गांभीर्याने पाहू शकते, याचे टोकाचे उदाहरण शेजारच्या म्यानमारमधले आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये लष्कराने सत्ता बळकावल्यावर आँग सान सू ची यांच्यावर पहिला आरोप ठेवला तो घरात बेकायदा आयात केलेले वॉकी-टॉकी बाळगल्याचा. १० जानेवारी २०२२ रोजी त्यांना झालेल्या शिक्षेत याही आरोपाचा समावेश होता. आरोप राजकीय होता हे उघड आहे. पण नियम अस्तित्वात होता आणि हाताशी आला, हेही तितकेच उघड आहे. जो नियम कोणाला ठाऊक नसतो आणि सर्रास मोडला जातो, तो हवा तेव्हा हव्या त्या माणसावर उगारता येतो.

भारतात हा धाक जास्त जाणवतो तो उपग्रह-उपकरणांच्या बाबतीत. २६ नोव्हेंबर २००८च्या मुंबई हल्ल्यानंतर उपग्रह फोनबाबतचे धोरण कठोर झाले. थुराया आणि इरिडियम यांचे संच दूरसंचार विभागाच्या परवानगीवाचून आणता येत नाहीत. परदेशी गिर्यारोहकांना हे अनेकदा माहीत नसते, कारण त्यांच्या देशात खेळांच्या दुकानात मिळणारे तळहाताएवढे उपग्रह-संदेशक हे सुरक्षेचे साधन समजले जाते. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्यातील दाबोळी विमानतळावर एका कॅनेडियन महिलेला असे उपकरण जवळ असल्यामुळे ताब्यात घेण्यात आले. पुढच्याच महिन्यात दिल्ली विमानतळावर स्कॉटलंडच्या एका गिर्यारोहक महिलेवर तीच वेळ आली. दोघींनीही ते यंत्र लपवले नव्हते. सुरक्षा यंत्रणांची चिंता निराधार नाही, हे मान्य करूनही एवढे म्हणावे लागेल की, जे उपकरण तपासणीच्या तबकात स्वतः काढून ठेवले जाते, त्याच्या मालकाला गुन्हेगाराच्या रांगेत उभे करण्यापेक्षा ते विमानतळावर जमा करून परतीच्या वेळी देण्याची सोय अधिक शहाणपणाची ठरली असती.

लडाखला मोटारसायकलींचे ताफे घेऊन जाणाऱ्या पुण्या-मुंबईच्या मंडळींनी तर विशेष जपायला हवे. बाहेरच्या राज्यांतील प्रीपेड सिमकार्डे तिथे चालत नाहीत, त्यामुळे रेडिओचा मोह स्वाभाविकच होतो. परंतु सीमावर्ती भागात अनोळखी प्रक्षेपण उठले की त्याचा शोध घेतला जाणारच. तिथे 'आम्ही फक्त चहाला कुठे थांबायचे ते विचारत होतो' हे स्पष्टीकरण पुरेसे ठरेलच असे नाही. ताफ्यातील स्वारांसाठी शिरस्त्राणात बसणारे ब्लूटूथ संच हा अधिक निर्धोक मार्ग आहे. त्यांचा पल्ला कमी असतो, पण ते परवानामुक्त पट्ट्यात चालतात आणि दोन्ही हात मोकळे ठेवतात. सिमकार्डवर चालणाऱ्या नव्या 'वॉकी-टॉकी'चीही हल्ली जाहिरात होते. तो दिसायला रेडिओ असला तरी आतून मोबाइलच असतो. मोबाइल जिथे मुका, तिथे तोही मुका.

कायद्याइतकाच गैरसमज आहे तो पल्ल्याविषयी. खोक्यावर ३५ मैल, ५० किलोमीटर असे आकडे झळकतात. ते कुठल्या परिस्थितीत मोजले, हे छापलेले नसते. या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. दीड मीटर उंचीवर धरलेल्या संचाचे रेडिओ-क्षितिज पाच किलोमीटरच्या आसपास असते. म्हणजे दोन माणसे आरशासारख्या सपाट मैदानात उभी असतील तर कागदोपत्री दहा किलोमीटर. झाडी, इमारती, उंचवटे आले की तेच एक-दोन किलोमीटरवर येते. याउलट १६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईच्या शिखरावरून समुद्रसपाटीच्या हिशेबाने हे क्षितिज दीडशे किलोमीटरच्याही पलीकडे जाते. म्हणजे पल्ला संचात नसतो, तो पायाखालच्या जागेत असतो. शक्ती वाढवून हे बदलत नाही. अर्ध्या वॉटऐवजी पाच वॉट, म्हणजे दहापट शक्ती वापरली, तरी मोकळ्या अवकाशातही अंतर जेमतेम तिप्पट होते. आणि मध्ये डोंगर असेल तर तेवढेही नाही.

सह्याद्रीत नेमका डोंगरच मध्ये असतो. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट चढणाऱ्या तुकडीतील वरचा माणूस कोकणकड्याच्या माथ्यावर पोहोचला आणि खालचा अजून नळीत असला, तर काळ्या कातळाच्या दोन भिंतींमधून लहर बाहेर पडायला वाटच राहत नाही. साम्रदजवळच्या सांदण दरीची गत याहून बिकट. वळणापलीकडचा सहकारी शंभर पावलांवर असूनही ऐकू येईलच याची खात्री नाही. उलट राजमाचीच्या दोन बालेकिल्ल्यांवर किंवा लोहगड आणि विसापूर यांच्या माथ्यांवर उभ्या असलेल्या दोघांना अर्ध्या वॉटचा संचही स्वच्छ ऐकू येईल. विसापूरच्या जंगलात आणि तोलारखिंडीच्या वर धुक्यात वाट चुकणाऱ्यांच्या बातम्या वारंवार येतात. तिथे प्रश्न मैलांचा नसतो. पुढचे सात जण उजवीकडे वळले आणि मागचे पाच जण डावीकडे, एवढाच असतो. पाचशे मीटरच्या आत असलेल्या त्या पाच जणांना 'थांबा, मागे फिरा' हे सांगण्याकरिता परवानामुक्त संच पुष्कळ झाला.

मोबाइलला पर्याय म्हणून या संचाकडे पाहणे म्हणूनच चुकीचे आहे. मोबाइल एकाला एकाशी जोडतो. रेडिओ एकाचे बोलणे सगळ्यांना एकदम ऐकवतो, मात्र त्या वेळी बाकीच्यांनी गप्प राहावे लागते. ही शिस्त शहरी माणसाला अवघड जाते. बटण दाबून क्षणभर थांबायचे आणि मग बोलायचे, नाही तर पहिला शब्द तुटतो. 'नको येऊ' मधला 'नको' नेमका असा गळतो. निरोप थोडक्यात द्यायचा, ऐकणाऱ्याने तो परत म्हणून दाखवायचा. निघण्यापूर्वीच वाहिनी ठरवायची. संपर्क तुटला तर कोणत्या खिंडीत, कोणत्या मंदिरापाशी किती वेळ थांबायचे तेही ठरवायचे. दिवसभर सगळे संच चालू ठेवून संध्याकाळपर्यंत बॅटऱ्या संपवण्यापेक्षा दर तासाची पहिली दहा मिनिटे ऐकण्याची वेळ ठरवणारी तुकडी रात्रीही बोलू शकते. संचावरील तथाकथित 'प्रायव्हसी कोड'वर विसंबणारेही पुष्कळ असतात. तो संकेत दुसऱ्यांचे बोलणे आपल्या कानाआड करतो. आपले बोलणे मात्र त्या वाहिनीवरच्या कोणालाही ऐकू येतच राहते. मुलांची नावे, गाडीचा क्रमांक, मुक्कामाचा पत्ता यांचा उच्चार तिथे न केलेलाच बरा.

प्रसंग गंभीर असेल, तर या संचांची मर्यादा आणि मोल दोन्ही एकदमच कळतात. १९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह सापडले आणि ५७ जण बेपत्ता राहिले. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. पावसात, अंधारात, चिखलातून बचावकर्त्यांना पायीच चढावे लागले आणि त्यात नवी मुंबई अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा प्राण गेला. अशा जागी वर काय हवे आहे हे खाली कळणे, आणि खालून काय निघाले आहे हे वर कळणे, यावर सगळ्या कामाचा वेग ठरतो. महाराष्ट्रातील गिर्यारोहण संस्थांचे कार्यकर्ते दरीत अडकलेल्यांना काढण्यासाठी वर्षानुवर्षे विनामोबदला धावत आले आहेत, आणि पायथा ते माथा संपर्क ही त्यांच्यासाठी चैनीची बाब नाही. त्यांना अर्ध्या वॉटचा संच पुरणार नाही. त्यांना अधिक शक्तीचे, नेमून दिलेल्या वारंवारितेचे, परवाना असलेले संच हवेत. आणि तो परवाना मिळवण्याची प्रक्रिया एखाद्या स्वयंसेवी मंडळाच्या आवाक्यातली हवी. बेकायदा विक्रीवर बडगा उगारणाऱ्या यंत्रणेने या दुसऱ्या बाजूकडे तितक्याच तातडीने पाहिलेले दिसत नाही.

हौशी रेडिओचा मार्ग त्यासाठी अंशतः उपलब्ध आहे. २००१च्या भुज भूकंपात आणि डिसेंबर २००४च्या सुनामीनंतर अंदमानात, नेहमीची दळणवळण यंत्रणा कोलमडलेली असताना, हौशी चालकांनीच बाहेरच्या जगाशी संपर्क जुळवला होता. राजीव गांधी हे स्वतः असे परवानाधारक होते, ही गोष्ट जुन्या वाचकांना आठवत असेल. दूरसंचार विभागाची परीक्षा देऊन बारा वर्षांवरील कोणाही भारतीय नागरिकाला हा परवाना मिळवता येतो आणि प्राथमिक श्रेणीच्या परीक्षेत मोर्स संकेतांचा अडसर नाही. अर्थात हा परवाना व्यक्तीला मिळतो, तिच्या सहलीतल्या सगळ्यांना नव्हे. आणि त्याचा उपयोग व्यावसायिक कामासाठी करता येत नाही. दर रविवारी पैसे घेऊन शंभर-शंभर जणांना गडावर नेणाऱ्या आयोजकांना ही पळवाट नाही.

अशा आयोजकांच्या बाबतीत मात्र वन विभाग आणि जिल्हा प्रशासन यांना आजही बरेच काही करता येण्यासारखे आहे. गर्दीच्या गडांवर आणि धबधब्यांवर पावसाळ्यात जमावबंदीचे आदेश निघतात, पायथ्याला नाकी बसतात, नावनोंदणी होते, शुल्कही घेतले जाते. त्याच नाक्यावर ४४६ मेगाहर्ट्झचा एक मान्यताप्राप्त संच ठेवून, त्या गडासाठी एक वाहिनी ठरवून ती फलकावर मराठीत लिहिणे फार खर्चाचे नाही. वर जाणाऱ्या प्रत्येक मोठ्या तुकडीकडे निदान दोन वैध संच असावेत, अशी अट घालता येईल. त्यांची मान्यता तिथेच तपासता येईल, आणि परदेशी वा अधिक शक्तीचे संच पायथ्यालाच ठेवून घेता येतील. खोक्यांवर वारंवारिता आणि परवान्याची माहिती ठळक मराठी किंवा हिंदीत छापण्याची सक्ती दुकानांतील विक्रीलाही लागू करता येईल, कारण ३० मे २०२५च्या तत्त्वांचा रोख ऑनलाइन विक्रीवर आहे आणि लोहार चाळ किंवा लॅमिंग्टन रोडवरच्या फळीवर मांडलेला संच कोणत्याही संकेतस्थळाच्या पानावर नसतो.